ला पाझला पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

इलारिओन किस्बर्ट यांनी आयुष्यात दोनच गोष्टी लिहिल्या. पहिली, रेल्वेचं वेळापत्रक. ते त्यांनी एकवीस वर्षं लिहिलं आणि गाड्यांनी ते एकवीस वर्षं पाळलं नाही. दुसरी, ला पाझ शहरात पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी व्यावहारिक सूचना. त्या मात्र अक्षरशः पाळल्या गेल्या, आणि सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

सुरुवात फोनवर आलेल्या एका निरोपाने झाली. किस्बर्टांची मुलगी सेनोबिया तेवीस वर्षांपूर्वी स्पेनमध्ये बिल्बाओला गेली ती तिथलीच झाली. तिची मुलगी लेइरे आता एकवीस वर्षांची होती. आजोबांनी नातीला फोनच्या पडद्यावरच वाढताना पाहिलं होतं. नातीने आजोबांना तितकंही पाहिलं नव्हतं, कारण किस्बर्ट फोन अशा बेताने धरत की समोरच्याला फक्त कपाळ आणि मागचं कपाट दिसे. तर लेइरेने लिहिलं होतं : "आजोबा, आम्ही पाच जण मंगळवारी ला पाझला येतोय. गुरुवारी संध्याकाळी पुढे उयुनीला. हॉस्टेल घेतलंय, तुम्हाला त्रास देणार नाही. पहिल्यांदाच येणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक सूचना असतील तर पाठवा. आपण कधी भेटायचं तेही तुमच्या सोयीनं सांगा."

किस्बर्टांनी हा निरोप पाच वेळा वाचला. 'त्रास देणार नाही' हे वाक्य त्यांना पाचव्या वेळी जास्त टोचलं, म्हणून सहाव्यांदा वाचला नाही. बायको जाऊन सात वर्षं झाली होती. सोपोकाची भागातल्या त्या तिसऱ्या मजल्यावर त्यांना त्रास द्यायला गॅसच्या सिलिंडरवाल्याखेरीज कोणी येत नव्हतं, आणि तोही अलीकडे खालूनच लोखंड वाजवायचा. दुसरा एखादा माणूस असता तर त्याने तिथल्या तिथे "ये, मंगळवारीच ये" असं लिहून टाकलं असतं. पण किस्बर्टांकडे सूचना मागितल्या होत्या. सूचना मागणाऱ्याला आधी सूचना द्यायच्या असतात. त्यांनी टेबल पुसलं, पट्टी काढली आणि कागदावर उभी रेघ मारली.

पहिल्या दिवशी एक पान झालं. हवा विरळ आहे, सावकाश चालावं. विमानतळावरून उतरल्यावर कोकाच्या पानांचा चहा घ्यावा. साल्तेन्या, म्हणजे रसदार सारणाच्या भाजलेल्या करंज्या, सकाळीच खाव्यात. दुपारी बारानंतर मागितल्यास विकणारी बाई देईल, पण मनातून उतराल. कुठल्याही खाणावळीत शिरताना जेवत असलेल्या अनोळखी माणसांना "सावकाश होऊ द्या" म्हणावं. शंभराची नोट कोणालाही दाखवू नये, सुटे कोणाकडेच नसतात.

इथे थांबले असते तर ही गोष्ट झाली नसती. पण ते कागद घेऊन जिन्यात उभे राहिले, आणि या इमारतीच्या जिन्यात कागद घेऊन उभं राहणं म्हणजे सभा बोलावणं. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन्या प्रिमितिवा दार उघडून बाहेर आल्या. चौथ्या मजल्यावरून दॉन रेम्बेर्तो खाली आले. (दोन्या म्हणजे बाई, दॉन म्हणजे राव.) दोन्या प्रिमितिवांचे यजमान नोटरीकडे कारकून होते, त्यामुळे कागद कोणाचाही असो, तो वाचण्याचा आपला हक्क आहे असं त्या मानत. दॉन रेम्बेर्तोंनी तीस वर्षं मिनीबस चालवली होती.

"मिनीबसचं काहीच नाही यात," दॉन रेम्बेर्तो म्हणाले. "उतरायचं कसं? 'कोपऱ्यावर उतरणार' असं ओरडावं लागतं. हळू बोलली पोरगी तर पार शेवटच्या थांब्याला जाईल."

"किती अंतर आधी ओरडायचं?" किस्बर्टांनी विचारलं.

"ते कळतं आपोआप."

"पाहुण्याला आपोआप कळत नाही. मीटरमध्ये सांगा."

दॉन रेम्बेर्तोंनी डोळे मिटून चाळीस मीटर सांगितलं. किस्बर्टांनी दुसऱ्या दिवशी तीन मिनीबसमधून उतरून मोजलं. ते साठ निघालं. त्यावरून दोघांत दोन दिवस अबोला झाला. दोन्या प्रिमितिवांनी बाजारातल्या ठरलेल्या भाजीवालीशी कसं वागावं यावर सहा कलमं दिली. त्यातलं महत्त्वाचं म्हणजे, सामान घेतल्यावर वर चिमूटभर जास्तीचं मागितलंच पाहिजे. न मागणाऱ्याला भाजीवाली गर्विष्ठ समजते.

मग प्रश्न आला वेळेचा. वेळ न घातलेली सूचना म्हणजे किस्बर्टांच्या मते नुसती थाप होती. पण वेळ कोणाची घालायची? त्यांची छाती या उंचीवर जन्मली होती. समुद्रकाठच्या बिल्बाओहून आलेल्या मुलीला तीच चढण किती वेळात चढवेल, हे कळायला मार्ग नव्हता. शेवटी त्यांनी आठ किलो बटाटे पिशवीत घातले आणि ती पिशवी पाठीला बांधून सगळा प्रवासक्रम स्वतः चालून पाहिला, दर टप्प्याला घड्याळ बघत.

"दॉन इलारिओन, बटाट्यांना शहर दाखवताय का?" दोन्या प्रिमितिवांनी जिन्यात विचारलं.

"हा विरळ हवेचा अंदाज आहे," किस्बर्ट धापा टाकत म्हणाले.

"मला वाटलं म्हातारपणाचा."

या बटाट्यांपायी किस्बर्टांचे निवृत्त रेल्वे कामगार संघाचे दोन मोर्चे चुकले. हे वाटतं तितकं साधं नव्हतं. संघाच्या मोर्चात हजेरी असते. मोर्चा संपताना प्रतिनिधी प्रत्येकाला एक चिठ्ठी देतो. ती नसेल तर गैरहजेरी लागते, आणि लागोपाठ तीन गैरहजेऱ्यांनंतर नाव यादीतून जातं. यादीतून गेलं की शुक्रवारची बैठक गेली. बैठकीत काम असं काही नसायचं. कातडी पेल्यात फासे खुळखुळवत सात-आठ म्हातारे दुपारभर खेळायचे आणि एकमेकांना चोर म्हणायचे. पण आठवड्यात किस्बर्टांना नावाने हाक मारणारी, शेजारी सोडले तर, तेवढीच माणसं होती.

पत्रक एकेचाळीस सूचनांचं झालं. त्यातली नववी सूचना त्यांनी सर्वांत शेवटी लिहिली आणि मध्येच घुसवली, म्हणजे ती फार नजरेत येऊ नये. ती अशी होती : 'गुरुवार, दुपारी बारा ते दोन. सोपोकाची भागात एका शांत घरी, तिसरा मजला, शेंगदाण्याचे सूप मिळते. घंटा दोनदा वाजवावी. शुल्क नाही.'

दोन्या प्रिमितिवांनी ती बरोबर शोधून काढली. "हे सूप कोण करतं?"

"घरमालक."

"म्हणजे तुम्ही."

"पत्रकात व्यक्तीचं नाव घालत नाहीत."

"अहो, नातीला जेवायला बोलवायचंय तर 'बाळ, जेवायला ये' असं लिहावं. ही काय पाणी बंद राहण्याची नोटीस आहे?"

"बोलावूच नये," दॉन रेम्बेर्तो म्हणाले. "माझा मुलगा सांताक्रूसला असतो. मी ये म्हटलं की त्याला काम निघतं. मी गप्प बसलो की यायचं राहून जातं, पण निदान मी बोलावलं होतं असं तरी होत नाही."

दोन्या प्रिमितिवांनी कागदाची घडी घालून तो किस्बर्टांना परत दिला.

सेनोबियाने फोनवर हेच जरा वेगळ्या शब्दांत सांगितलं. "बाबा, तिला मोकळं सोडा हं. ही मुलं वेगळी असतात. मागे मागे कोणी केलेलं आवडत नाही त्यांना."

"मी कशाला मागे मागे करीन? माझी कामं आहेत," किस्बर्ट म्हणाले. तेव्हा त्यांच्यासमोर टेबलावर एक संत्र्याची साल होती आणि दुसरं काहीही नव्हतं.

तरी नववी सूचना त्यांनी ठेवली. तेवढ्यात संग्रहालयाच्या वेळांची खात्री करायला म्हणून ते पाहुण्यांच्या माहितीच्या कचेरीत गेले. खिडकीमागे चष्मा लावलेल्या एक तरुण बाई होत्या. कचेरीतल्या पदवीधर बाईंना तिथे लिसेन्सियादा म्हणायची रीत आहे.

"लिसेन्सियादा, सोमवारी संग्रहालय बंद असतं, की सोमवारी आणि रविवारी दुपारनंतर?"

"अर्ज करा."

"अर्ज कशाला? हो की नाही एवढंच."

"मी तोंडी हो म्हटलं आणि तुम्ही सोमवारी गेलात तर? अर्ज, ओळखपत्राची छायाप्रत, आणि कशासाठी हवंय तो मजकूर जोडा."

किस्बर्टांना राग यायला हवा होता. पण एकवीस वर्षं कचेरीत काढलेला माणूस अशा वाक्यांनी आतून विरघळतो. त्यांनी दुसऱ्या दिवशी तीन प्रतींत अर्ज दिला आणि पत्रक जोडलं. सहा दिवसांनी पत्रक परत आलं. प्रत्येक पानावर जांभळा शिक्का होता. संग्रहालयाच्या वेळांबद्दल एक अक्षर नव्हतं. मात्र नवव्या सूचनेवर लाल पेन्सिलीची आडवी रेघ होती आणि समासात शेरा : 'खासगी घर. प्रेक्षणीय स्थळांत बसत नाही. वगळावे.'

"लिसेन्सियादा, बाकी चाळीस मान्य आहेत?"

"शिक्का आहे ना?"

"आहे."

"मग झालं तर. ते घर कोणाचंय?"

"एका निवृत्त माणसाचं," किस्बर्ट म्हणाले.

"तिथे जाऊन लोक काय बघणार?"

या प्रश्नाचं उत्तर किस्बर्टांनी घरी येईपर्यंत आणि आल्यावरही बराच वेळ शोधलं. बैठकीच्या खोलीत एक आरामखुर्ची होती, एक कपाट होतं, आणि रेल्वेच्या बंद पडलेल्या एका फाट्याचा नकाशा काचेत लावलेला होता. कचेरीचं म्हणणं खोडता येत नव्हतं. त्यांनी पत्रक स्वच्छ उतरवलं, कचेरीच्या शेऱ्याप्रमाणे नववी सूचना वगळली, पण आकडे बदलले नाहीत, कारण आकडे बदलणं म्हणजे शिक्का बसलेल्या कागदाशी खोटेपणा. आठनंतर थेट दहा आली. गुरुवारच्या रकान्यात बारा ते दोन कोरं राहिलं. ते कोरं पाहून मुलगी विचारील, "आजोबा, या वेळात काय करायचं?" एवढी एक खिडकी उघडी आहे असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि पत्रक पाठवून दिलं. भेट कधी, या तिच्या प्रश्नाला वेगळं उत्तर द्यायचं त्यांच्या मनात चार वेळा आलं. पण जे शिक्क्याच्या मजकुरातून काढलं तेच आता निरोपात लिहायचं, म्हणजे अधिकृत नकारानंतर मागच्या दाराने अर्ज करण्यासारखं होतं.

मंगळवारी दुपारी फोनवर एक फोटो आला. पाच कोकाचे चहा. बुधवारी निरोप आला : "आजोबा, सगळं तुमच्या पत्रकाप्रमाणे चाललंय. मिनिटासकट. आम्हाला कोणालाच काही विचारावं लागलं नाही."

किस्बर्टांनी तो दोन्या प्रिमितिवांना दाखवला.

"अभिनंदन," त्या म्हणाल्या. "म्हणजे तुम्हालाही विचारावं लागलं नाही."

बुधवारी संध्याकाळी ते बाजारात गेले. सोललेले शेंगदाणे, बरगडीचं मटण, मटार, गाजर घेतलं आणि ठरलेल्या भाजीवालीकडून जास्तीची कोथिंबीर मागून घेतली. "पाहुणे वाटतं," ती म्हणाली. किस्बर्ट म्हणाले, "ठरलेलं नाही." गुरुवारी पहाटे शेंगदाणे वाटून घातले. या उंचीवर पाणी लवकर उकळतं आणि अन्न उशिरा शिजतं, त्यामुळे अकरापर्यंतचा वेळ भांड्यापाशीच गेला. बाराला त्यांनी टाय बांधला. साडेबाराला खिडकी उघडली. पाऊणला बंद केली, कारण वाट पाहत असल्यासारखं दिसत होतं. एकला दोन्या प्रिमितिवांनी खालून विचारलं, "आली का?"

"तिचा कार्यक्रम भरगच्च आहे. मीच आखलाय."

दीडला दॉन रेम्बेर्तोंनी वरून विचारलं. दोनला कोणी विचारलं नाही, आणि तेच किस्बर्टांना सहन झालं नाही.

नात या क्षणी कुठे असेल हे त्यांना जगातल्या कोणत्याही आजोबापेक्षा नेमकं माहीत होतं. अडीच ते साडेतीन प्रादो या मुख्य रस्त्यावरून पायी फेरी. चार वाजता हॉस्टेल. पाचची उयुनीची गाडी. गाडी लांब पल्ल्याची होती, आणि मुलगी पुन्हा कधी येईल हे कोणत्याच रकान्यात नव्हतं. त्यांनी टोपी घातली. पत्रकाची प्रत्यक्ष जागेवर तपासणी करायला हवी, असं मनाशी म्हणत ते निघाले. भेटायला चाललोय असं म्हटलं असतं तर पाय उचलले नसते.

प्रादोच्या तोंडाशी रस्ता बंद होता. मोर्चा होता. ला पाझमध्ये मोर्चा नसलेला गुरुवार कोणी पाहिलेला नाही, त्यामुळे किस्बर्टांनी मान खाली घालून कडेने निसटायचा प्रयत्न केला.

"साथी किस्बर्ट," मागून ओळखीचा आवाज आला. "आलात म्हणायचे. मी तर तुमच्या नावावर रेघ मारायला पेन काढलं होतं."

संघाचे प्रतिनिधी मकारियो होते. मोर्चा निवृत्त रेल्वे कामगारांचाच होता. शहरातल्या प्रत्येक रस्त्याच्या अडथळ्याची वेळ टिपणाऱ्या माणसाच्या पत्रकात फक्त त्याचा स्वतःचा मोर्चा राहून गेला होता.

"साथी, मला पलीकडे एक काम—"

"आम्हाला सगळ्यांनाच कामं आहेत. आम्ही निवृत्त आहोत, रिकामे नाही. हे धरा." आणि मकारियोंनी कापडी फलकाचा डावा बांबू त्यांच्या हातात दिला. उजवा बांबू धरलेल्या गृहस्थांचा गुडघा बदललेला होता, त्यामुळे फलक आणि त्यामागचा सगळा मोर्चा त्या गुडघ्याच्या गतीने सरकत होता. दोन मिनीबस, एक भाजीचा टेम्पो आणि अर्धं शहर मागे तुंबलं होतं. टोपी मागे सारून किस्बर्ट घड्याळ पाहत होते. तीन वाजले. तीन वाजून सात मिनिटं झाली.

फुटपाथवर पाच तरुण परदेशी उभे होते. मध्ये एक मुलगी हातात चौदा पानांची चवड धरून म्हणत होती, "सव्विसावी सूचना. मोर्चा आल्यास चिडू नये, फुटाणे घ्यावेत." बाकीच्यांच्या हातात फुटाणे होते. तिने मोर्चाचा फोटो काढायला फोन उचलला, पडद्याकडे पाहिलं, मग फोन खाली घेतला, आणि पुन्हा वर धरला.

"हे कपाळ मी ओळखते," ती म्हणाली.

सत्ताविसावी सूचना अशी होती की मोर्चात कधीही शिरू नये. लेइरे शिरली. दोन म्हाताऱ्यांना बाजूला करत ती बांबूपाशी आली आणि तिथे दोघांनाही पुढे काय करायचं ते सुचेना. किस्बर्टांच्या दोन्ही हातांत बांबू होता, त्यामुळे मिठी तिलाच मारावी लागली.

"आजोबा, तुम्ही इथे काय करताय?"

"पत्रकाची तपासणी," किस्बर्ट म्हणाले. मग म्हणाले, "अडथळा आहे. तुमचा वेळ जाईल. साडेतीनला तुम्ही वरच्या टोकाला हवेत."

"मी तुम्हाला विचारलं होतं, कधी भेटायचं. तुम्ही उत्तरच दिलं नाहीत. सगळी पानं शोधली. आठनंतर एकदम दहा. मला वाटलं, नाही म्हणायला लाजताय. आई म्हणाली, आजोबांना त्यांची कामं असतात."

"बारा ते दोन काय केलंत?"

"काय करणार, काहीच लिहिलं नव्हतं. बाकावर बसून बिस्किटं खाल्ली."

गुडघेवाल्या गृहस्थांनी तोंड दुसरीकडे वळवलं. 

"घरी सूप आहे," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी तीन आठवडे एकेचाळीस कलमांत लपवून ठेवलं होतं, आणि बाहेर आलं तेव्हा ते इतकं छोटं होतं. "शेंगदाण्याचं. सकाळी केलंय. येतेस का?"

लेइरेने फोनवर वेळ पाहिली. तीन वाजून दहा. "गाडी पाचची आहे. तुमचं घर किती लांब?"

"पायी अठ्ठावीस मिनिटं. बटाटे नसतील तर बावीस."

ती बटाट्यांबद्दल काही विचारत बसली नाही. मैत्रिणींना म्हणाली, "माझं सामान तुम्ही गाडीवर न्या. मी थेट तिथे येते." किस्बर्टांनी बांबू मकारियोंच्या हातात दिला.

"चिठ्ठ्या चौकात मिळणार आहेत, साथी," मकारियो म्हणाले. "आत्ता निघालात तर ही तिसरी गैरहजेरी. माझ्या हातात काही नाही, नियम आहे."

"लावा," किस्बर्ट म्हणाले.

"शुक्रवारी फाश्यांना कोण येणार मग?"

"तुम्ही फसवताच. मी नसलो तर सोपं जाईल."

चढण चढताना लेइरेला तीनदा थांबावं लागलं. किस्बर्ट प्रत्येक वेळी म्हणत होते, "इथे थांबायचंच असतं, सगळेच थांबतात." वास्तविक तिथे कोणी थांबत नसे. जिन्यात दुसऱ्या मजल्याचं दार बोटभर उघडं होतं. त्यातून दोन्या प्रिमितिवांचा डोळा दिसला आणि दार आवाज न करता मिटलं. त्यांच्या आयुष्यातली ती सर्वांत मोठी माघार असावी.

सूप गरम व्हायला सहा मिनिटं लागली. लेइरेने तेवढ्यात काचेतला नकाशा पाहिला. "हा फाटा कुठे जातो?"

"आता कुठेच नाही."

"आणि पूर्वी?"

किस्बर्टांनी सांगायला सुरुवात केली. पहिल्या तीन स्थानकांपर्यंत आले आणि सूप उकळलं. ती खाताना भाजली, पाण्याचा घोट घेतला, पुन्हा खाल्लं. पाट्यावर वाटलेली मिरची तिने निम्मा चमचा घातली आणि डोळे पुसले. "आई असंच करते," ती म्हणाली, "पण तिथे शेंगदाणे भाजलेले मिळतात. हे वेगळं लागतं." दुसरं वाढू का विचारल्यावर ती हो म्हणाली. मग फोन वाजला. मैत्रिणी गाडीपाशी पोचल्या होत्या. चार वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

किस्बर्ट टोपी शोधायला लागले.

"तुम्ही नका येऊ, आजोबा. पुन्हा तीन मजले. मी जाईन ना. टॅक्सी कुठून मिळेल?"

"खालच्या कोपऱ्यावरून डावीकडे. हमरस्ता लागतो."

तिने त्यांच्या दोन्ही गालांना गाल लावला, आणि ते आणखी काही सांगणार तोवर तिची पावलं दुसऱ्या मजल्यावर पोचली होती.

ते खिडकीशी आले. लेइरे दारातून बाहेर पडली, उतारावरून जवळजवळ धावत कोपऱ्यापर्यंत गेली आणि तिथे थबकली. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. कोपऱ्यावर एक गृहस्थ दुकानाची फळी लावत होते. तिने त्यांना विचारलं. ला पाझमध्ये रस्ता विचारणाऱ्याला 'माहीत नाही' असं म्हणण्याचा उद्धटपणा कोणी करत नाही. त्या गृहस्थांनी अत्यंत सौजन्याने, हात पूर्ण लांब करून, उजवीकडच्या पायऱ्या दाखवल्या. लेइरेने आभार मानले आणि त्या पायऱ्या चढू लागली.

त्या पायऱ्या कुठे जातात हे किस्बर्टांना ठाऊक होतं. त्या वर चढतात, शाळेच्या भिंतीला वळसा घालतात आणि किस्बर्टांच्याच दाराशी येऊन संपतात. चालायला नऊ मिनिटं, नवख्याला बारा. मोर्चाने तुंबलेल्या शहरात तेवढ्यात पाचची गाडी हातची जाईल. उद्याची गाडी पुन्हा पाचलाच.

ती चौथ्या पायरीवर होती. पाचव्या. भांड्यात अजून चार माणसांचं सूप होतं.

किस्बर्टांनी खिडकीची कडी काढली. जन्मात कधी खिडकीतून ओरडले नव्हते, त्यामुळे आवाज आधी आलाच नाही. दुसऱ्या खेपेला तो इतका मोठा आला की वरच्या मजल्यावर दॉन रेम्बेर्तोंचंही दार उघडलं.

"लेइरे, तिकडून नाही. डावीकडे."

तिने वर पाहिलं, हात केला, पायऱ्या उतरली आणि डावीकडे वळली.